आधणाचा तांब्या

माय, तू गेलीस तेव्हा रांगत होती ती माझी लेक आता तिशी ओलांडून गेली. लग्नाला सहा वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. गेल्या महिन्यात इथं नांदेडला तिच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर तिच्या अंडाशयांवर आणि आतड्यावर वाढलंय. दर पाळीला तिथंही रक्त येतं, आतल्या आत साकळतं, अवयव एकमेकांना चिकटत जातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल होणं अवघड आहे, अशक्य नाही. पण इतकी वर्षं अंगावर काढायला नको होतं. लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईनं सवय लावली." खरं आहे. दहावीच्या पेपरला निघताना ती पोट धरून वाकली, तेव्हा मीच म्हणाले होते, "ऊठ. सगळ्याच बायांना दुखतं." मग बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला किंवा तुमच्या आईला असा त्रास होता का? घरात असला तर पुढं येऊ शकतो." मी ताठ बसून सांगितलं, "मला नाही. आईलाही नव्हता."

मुद्दाम खोटं बोलले नाही. तसंच वाटत होतं. परवा लेक शेकायची पिशवी पोट आणि मांडीच्या मध्ये दाबून मेथी निवडत बसली होती, आणि मला तू दिसलीस.

लातूरजवळच्या आपल्या घरी पाळी आली की तू चार दिवस पडवीत बाजूला बसायचीस. वेगळी वाकळ, वेगळं ताट. स्वयंपाक शेजारची काकू तिच्या घरून करून आणायची. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, नांदेडच्या हॉस्टेलवरून दिवाळीला आलेली. तुला पडवीत पाहिलं आणि वाकळ उचलून धुवायला टाकली. विटाळ वगैरे काही नसतं, आजपासून माझी आई बाहेर बसणार नाही, असं दादांना, माझ्या वडिलांना, तोंडावर सुनावलं. तू भिंतीला टेकून म्हणालीस, "ऱ्हाऊ दे की गं. चारच दिस हायत माझे." मी म्हणाले, "तुझ्याच डोक्यातून हे जात नाही, दुसऱ्यांना काय बोलू?" दादा वाटले त्याहून लवकर तयार झाले. "पोरगी शिकली अन् माझी भाकर गरम झाली," ते म्हणाले. काकू हसली, मीही हसले. तू उठलीस आणि चूल पेटवलीस.

तू चुलीपुढं बसली आहेस, भाकरी थापते आहेस, आणि गरम पाण्याचा तांब्या पोट आणि मांडीच्या मध्ये घट्ट धरला आहेस. मी दारातून म्हणते, "आधण एवढं जवळ कशाला? चटका बसेल." तू म्हणतेस, "बसू दे." ज्वारीचं पीठ भिजवायला गरम पाणी लागतं, ते हाताशी ठेवलंय, एवढंच मला कळलं. पीठ तर केव्हाच मळून झालेलं होतं. आणि ओठ दाताखाली धरलेले. तुझी पाळी जाईपर्यंत, पाच-सहा वर्षं, मी सुट्टीला आले की हेच पाहत होते. लग्नानंतर नऊ वर्षांनी मी झाले, माझ्याआधीची दोन राहिली नाहीत, माझ्यानंतर कुणी झालं नाही, हे सगळं मला माहीत होतं. डॉक्टरांनी तुला कधी तपासलं नाही, तेव्हा नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण 'नव्हता' असंही म्हणता येणार नाही.

विटाळ नसतो, हे मी आजही म्हणते. पण पडवी काढून घेतली तेव्हा ते चार दिवस तुझ्याजवळ ठेवता आले असते. काकूला म्हणायचं होतं, तू करत राहा. मला ते सुचलंच नाही. तू 'माझे' म्हणालीस आणि मी ती तुझी अंधश्रद्धा समजले. पुढं मुख्याध्यापिका झाल्यावर दर वर्षी नव्या मुलींना वाकळेची ही गोष्ट सांगत आले, छाती पुढं काढून.

मंगळवारी लेकीबरोबर पुन्हा जायचं आहे. आजीला त्रास होता, असं डॉक्टरीणबाईंना सांगेन. लेक विचारेल, कशावरून? तांब्याचं सांगता येईल. पण तांब्याचं सांगितलं की वाकळेचंही आलंच, आणि ती गोष्ट तिनं लहानपणी माझ्याकडून किती वेळा मागून ऐकली आहे. माझ्यातलं तिला मनापासून आवडलेलं तेवढंच एक आहे, माय, आणि ते हातचं जाईल म्हणून मी दोन दिवस गप्प आहे.