वहिनीनं खाल्लेली बोलणी

बाबा, माझ्या बाथरूममध्ये बुरशी आली आहे. गुरुग्रामच्या या उंच इमारतीत बाथरूमला खिडकी नाही, नुसता एक एक्झॉस्ट, आणि पावसाळ्यातल्या इथल्या दमट हवेत टॉवेलसुद्धा वाळत नाही. टाइल्सच्या मधल्या पांढऱ्या रेघा काळ्या पडल्या, वरच्या भिंतीवर ठिपके आले. सोसायटीचा प्लंबर बघून म्हणाला, "मॅडम, पेंट करवा लो." करून घेतलं. महिन्याभरात पेंटवरही ठिपके. शेवटी नाइलाजानं वहिनीला फोन केला. नाइलाजानं, हे फक्त तुम्हाला सांगते, दादाला नाही सांगणार. तुम्ही शेवटची वर्षं दिल्लीतल्या द्वारकेला त्यांच्याकडे काढलीत आणि तिचं बाथरूम भर पावसाळ्यातही कोरडं ठणठणीत असतं.

ती रविवारी आली. कुर्त्याच्या बाह्या वर सारून आधी ब्रशनं रेघा घासल्या, वायपरनं भिंतीचं पाणी वरून खाली ओढलं, मग दादाच्या जुन्या बनियननं कोपरे टिपले. दार उघडं टाकलं, एक्झॉस्ट चालू ठेवला. पाठमोऱ्या तिच्याकडे बघताना मला तुम्हीच दिसलात. कुठे शिकलीस, मी विचारलं, उत्तर माहीत असून. "अगं, बाबांची काय कमी बोलणी खाल्लीत मी! तीच भिंत तीनदा पुसायला लावली एकदा. म्हणाले, टाइल कसली पुसतेस, ती चकचकीतच आहे, रेघ पूस. रडकुंडीला आले होते यार मी." हे सांगताना ती इतकी खुशीत होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

सरोजिनी नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की ऑफिसला निघण्याआधी तुम्ही भिंती पुसायचात. शाळेत असताना एका सकाळी मी तुमच्या आधी फडकं घेतलं. तुम्ही दारात येऊन उभे राहता, बघता, मला वाटतं आता काहीतरी म्हणणार. तुम्ही फडकं हळूच माझ्या हातातून काढून घेता. "राहू दे बाळ, तू अभ्यासाला बस." आणि मी पुसलेली भिंत पुन्हा पुसता. मी स्वयंपाकघरात वही उघडून बसले, कान मात्र तिकडेच. सगळे म्हणायचे, नशीबवान पोरगी, बापानं कधी आवाज चढवला नाही. मीही ऑफिसात, सासरी तेच मिरवत आले. आता वाटतं, माझ्यावर चिडावं, इतकीही मी तुमची नव्हते का? ती परक्या घरातून आली आणि भिंत तीनदा पुसायला लावण्याइतकी तुमची झाली. मला तिचा हेवा वाटतो, बाबा. या वयात, आणि तोही बोलण्यांचा.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. काल वहिनीचा फोन आला, बुरशी गेली का विचारत होती. गेली आहे. मी रोज पाणी ओढते, रेघा टिपते, दार उघडं ठेवते. पण म्हटलं, नाही गं, तशीच आहे, तू ये. ती येईल, एखाद्या कोपऱ्यात बोट फिरवेल आणि तुम्ही तिला आणखी कशाकशावरून रागावलात ते सांगत बसेल. मागच्या वेळी ती सांगत होती, तेव्हा मी तिच्या नावाच्या जागी माझं नाव घालून ऐकलं.