असून नसल्यासारखं

शनिवार, ४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! ओहायोपासून गाडी हाकून कंबरेचा भुगा झालाय, पण घर बघितलं आणि शीण पळाला. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, पुढे लाकडी व्हरांडा, मागे ओकचं रान. टपालपेटी खाली रस्त्यालगत, तिथून खडीची वाट वर येते. शेजार म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ऑपल हॅचर नावाची म्हातारी, बस्स. आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचा कालवा ऐकत गेलं माझं. इथे सांडशी खाली पडली तरी दचकायला होतं.

संध्याकाळच्या आत ऑपल मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ घेऊन आली. आली म्हणजे काय, टपालपेटीपाशी गाडी उभी केली, दोनदा हॉर्न वाजवला आणि तिथेच बसून राहिली. मला वाटलं गाडी बंद पडली हिची. मी बाहेर येऊन हात हलवला तेव्हा बाई वर आल्या. मग मला हसली. म्हणाली, "आर्कान्सॉच्या डोंगरात हॉर्न दिल्याशिवाय कुणी कुणाच्या पायरीवर चढत नाही, पोरी. आधी वाजवायचं, हात दिसला की वर. नाहीतर छर्रे खाशील आणि वर चूक तुझीच." पद्धत मला आवडली. ओहायोत लोक सरळ आत घुसून फ्रीज उघडतात.

रविवार, ५ ऑक्टोबर

चर्चला गेले. इथे सगळे डाव्या बाजूनेच गळाभेट घेतात, अर्धवट, खांदा लावल्यासारखी. मी आपली सवयीने समोरून मिठी मारली तर एका बाईच्या कंबरेला काहीतरी टणक लागलं. ती शांतपणे म्हणाली, "उजवीकडे नको गं, सामान असतं." सामान म्हणजे पिस्तूल! मला इतकं हसू आलं की पहिलं स्तोत्र सगळं त्यातच गेलं. कोराला हे शिकवायला हवं. ती म्हणजे अस्वलासारखी मिठी मारणारी.

कोरा माझी धाकटी बहीण. हे घर मी तिच्यासाठीच घेतलंय. तिचा नवरा रँडल तिला मारतो. मागच्या हिवाळ्यात त्याने तिचं मनगट मोडलं आणि डॉक्टरांपुढे तिनेच सांगितलं की बर्फावरून घसरले. आता तो कामावर लांब गेला की ती निघणार आहे. फोन घरीच टाकून, म्हणजे त्याला माग लागायचा नाही. कधी निघेल ते तिलाही माहीत नाही. तोवर दर बुधवारी ती तिकडच्या चर्चमधून इथल्या चर्चच्या फोनवर बोलणार आहे. आणि तो मागोमाग आला तर? शेरीफची गाडी इथे पोचेपर्यंत चहा गार होऊन वर साय धरेल. तेव्हा मलाही सामान हवं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

घेतलं! डॉयलच्या दुकानात अख्खी सकाळ गेली. दुकान कसलं, पुढे मासेमारीचे गळ आणि गुरांचं मीठ, मागे काचेखाली पिस्तुलं. डॉयल एकेक काढी, उघडी, रिकामं असल्याचं दाखवी आणि मगच माझ्या हातात देई. माझ्या हातात आल्यावर मीही उघडून बघायचं. म्हटलं, आत्ताच तर दाखवलंत. तर म्हणाला, "मॅडम, बंदुकीच्या बाबतीत आपल्या सख्ख्या आईवरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही."

सपाट छोटं पिस्तूल छान होतं, पण त्याचा वरचा भाग मागे ओढायला माझी संधिवाताची बोटं तयार होईनात. मग पोलादी रिव्हॉल्व्हर. एकदम भरवशाचं, पण बिडाच्या तव्याएवढं जड. डॉयल म्हणाला, जड वस्तू पहिल्या आठवड्यात कंबरेला असते, दुसऱ्या आठवड्यात पर्समध्ये, तिसऱ्यात ड्रॉवरमध्ये. आणि संकट काही ड्रॉवरशी येऊन उभं राहत नाही. मग त्याने खालच्या फळीवरून हे काढलं. हलक्या धातूचं, पाच गोळ्यांचं, लोण्याच्या पुड्याहूनही कमी वजनाचं. जुनं आहे, पण आधीची बाई फार जपणारी होती म्हणे. "ॲप्रनच्या खिशात टाका आणि विसरून जा. असून नसल्यासारखं."

एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे सांगितली. हलकं जेवढं, तेवढा झटका वाईट. मागच्या आवारात पाच झाडल्या आणि तळहात अजून हुळहुळतोय.

बुधवार, ८ ऑक्टोबर

कोराशी बोलले. आवाज बारीक येत होता, पण हसली एकदा. तिला नीट सांगितलं की टपालपेटीपाशी दोनदा हॉर्न दे, मी हात दाखवीन, मग वर ये. दोनदा वाजला म्हणजे तू. न वाजवता जो येईल तो रँडल, आणि त्याचं मी बघते. ती म्हणाली, "डेटी, तू आणि पिस्तूल? तुला सुरीने कोंबडी कापताना रडू यायचं." डेटी म्हणणारी आता जगात ती एकटीच उरलीय. इथे मी सगळ्यांची मिस ओडेट.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुपारी हॉर्न वाजला. दोनदा. हातातलं पीठ तसंच, धावत बाहेर गेले, वेड्यासारखे दोन्ही हात हलवले. रस्त्यावर कुणी नाही. धूळसुद्धा नाही. हमरस्त्यावरचा ट्रक असेल, डोंगरात आवाज फिरतो. पण फार वाईट वाटलं.

परत आले तर रिव्हॉल्व्हर ओट्यावर, पिठात. मी बाहेर काढल्याचं आठवत नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कोरा घाईत होती. रँडल लवकरच कामावर जाणार, आता यापुढे फोन करेनच असं नाही, सरळ येईन म्हणाली. कालच्या हॉर्नचं सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात तिच्याकडे कुणीतरी आलं आणि फोन बंद झाला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

रोज वाजतो. दुपार कलली की दोनदा. आज खिडकीतून टपालपेटीवर डोळा ठेवून बसले होते. रिकाम्या रस्त्यावरून आवाज आला. ट्रक नाही, काही नाही. मग खडी वाजायला लागली. जड बूट सावकाश वर आले आणि पायरीला थांबले. पायरीवर ऊन होतं, नुसतं ऊन.

मी दाराच्या आत उभी होते. खाली बघितलं तर रिव्हॉल्व्हर हातात, नळी दाराकडे. ते हातात कधी आलं? हाताला वजन म्हणून काही जाणवलंच नव्हतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

चर्चमधून ऑपलला घरी घेऊन आले आणि सरळ विचारलं. आधी टोलवाटोलवी केली तिने. मग रिव्हॉल्व्हर बघून तिचा चेहराच उतरला. "हे वर्नाचं आहे. डॉयलने सांगितलं नाही तुला? मेल्याला लाज नाही!"

वर्ना क्रिचफील्ड या घरात राहायची. नवरा लूथर ट्रक चालवायचा, आठवडे-आठवडे बाहेर. एकटीला भीती वाटायची म्हणून त्यानेच तिला हे घेऊन दिलं. एका दुपारी तो दोन दिवस आधीच परतला. रीतीप्रमाणे खाली दोनदा हॉर्न दिला, वर आला, आणि पायरीवर तिने त्याला गोळी घातली. ऑपल म्हणाली, वर्नाने हॉर्न ऐकला होता. तोच आलाय हेही तिला कळलं होतं. शेरीफला ती एवढंच सांगत राहिली की मी नाही उचललं, ते इतकं हलकं होतं, हात वर गेला ते मला कळलंच नाही. सगळ्यांनी अपघात म्हणून सोडून दिलं. ती वृद्धाश्रमात गेली आणि भाच्याने घर विकलं, सामान विकलं.

मला भुताची भीती नाही वाटत. लूथर बिचारा घरी यायला बघतोय. भीती मला माझ्या हाताची वाटते.

सोमवार, २० ऑक्टोबर

परत करायला गेले. पर्स उलटी केली, त्यात नाही. म्हटलं, घरीच राहिलं. काही असो, दुकानही बंद होतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालाय, डॉयल रानात. घरी आल्यावर कोट काढला तर कोटाच्या खिशात. जाताना, येताना, सगळा वेळ अंगावरच होतं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

चर्चच्या फोनपाशी बसून राहिले. हॉर्न देऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. गाणं म्हण, हाक मार, दगड मार, पण हॉर्न नको. फोन आला नाही. म्हणजे ती निघाली. देवा, ती निघाली.

रिव्हॉल्व्हर लोखंडी पेटीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली ऑपलला दिली. तिने माझा हात दाबला. रँडल आला तर बिडाचा तवा आहेच.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भांडी घासताना ॲप्रनचा खिसा ओट्याला आपटला. टणक्‌.

पेटीचं कुलूप तसंच आहे. किल्ली ऑपलकडेच आहे, आत्ता जाऊन विचारून आले. रिव्हॉल्व्हर ओढ्यात फेकलं. बुडताना बघितलं मी. डोळ्यांनी बघितलं.

हॉर्न वाजला. गेले नाही. बूट पायरीपर्यंत आले, थांबले. ओरडले, लूथर, जा बाबा, वर्ना इथून गेली रे —

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

टेबलाशी बसलेय. दार समोर. लिहीत राहिलं तर हात गुंतलेला राहील म्हणून लिहितेय.

हॉर्न. दोनदा.

उठणार नाही. हात दाखवणार नाही. रोजचंच आहे —

खडी वाजतेय. भराभर. आज बूट नाहीत —

पायरीला थांबले नाहीत. व्हरांड्यात —

अक्षर असं लहान मुलासारखं का येतंय

पेन डाव्या हातात आहे. मी उजव्याने लिहिते. जन्मभर उजव्या —

दाराची मूठ फिरली. बाई आहे. म्हणतेय, वाजवला की गं दोनदा, हात का नाही दाखवलास, डेटी

इथे मला डेटी कुणी

कोरा थांब आत नको येऊ उजवा वर चाललाय मी नाही गं उचलत याला वजनच ना