बाबांनी आकडा विचारला

१२ फेब्रुवारी, पनवेल. संध्याकाळ.

जुन्या इटालियन चेलोच्या, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या, मापांवरून आम्ही जो नवा चेलो करतोय, त्याची वरची फळी बाबांनी आज तासून संपवली. नेहमीसारखी बोटाने ठोकली, कानाशी धरली. मग दुसऱ्या कानाशी.

एरवी स्वर जमला की नाही ते एका ठोक्यात सांगतात. मी फोनवर स्वर मोजायला लागले की हसतात, "त्या इटलीवाल्यांकडं व्हता का गो मोबाईल?"

आज त्यांनी फळी माझ्यापुढे केली. "तुजा मोबाईल काय बोलतो?"

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या ऐकण्याचा उतरता आलेख दाखवला होता. मी तो नीट वाचला होता, प्रश्नही विचारले होते. मग फळी दुसऱ्या कानाशी गेल्यावर इतकं का दचकायला झालं?

"झालं" म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं नाही. स्वर अजून चढा होता, तसं सांगितलं. मध्ये थोडं तासावं लागेल, म्हटलं. वाटलं, आता ते म्हणतील, "नाय गो, आता हात लावला तर मेलीच ती."

"बरं," बाबा म्हणाले. आणि मी बोट ठेवलं तिथे ते तासायला लागले.