मागचा नांगर

प्रिय दादा,

वहिनी सांगत होती, माझा फोन आला की तू चष्मा शोधायला आतल्या खोलीत जातोस आणि चष्मा असतो तुझ्या डोळ्यांवर. अबोला धरायलाही अंगात कला लागते, ती तुझ्यात नाही. म्हणून हे पत्र. अर्ध्यात टाकून उठलास तरी ते बिचारं वाट बघत बसेल. तुझा राग मला ठाऊक आहे. आपलं जहाज, आपली ‘चप्पल’, तोडायला न्यायची आणि तीही सख्ख्या बहिणीने, हे तुला सहन झालं नाही. पण कंपनीने तिला विकूनच टाकली होती रे. बेटांपर्यंत पूल झाला, ट्रक आता त्यावरून धडधडत जातात, आपल्या जहाजाला कोण विचारतो! मी नाही म्हटलं असतं तर कुणी परका कप्तान आणला असता. शेवटच्या दिवशी तिच्या सुकाणूवर घरचं माणूस असावं, एवढंच माझ्या मनात होतं.

वाटेत तिने नेहमीसारखं हैराण केलं. बूड चपलेसारखं सपाट, त्यामुळे लाट लहान असो की मोठी, हिला डुलायचंच. चहाचा कप सांभाळत उभी होते आणि तुझी आठवण आली. तू कप्तान होतास, मी नवखी होते, ओकून ओकून अर्धमेली झाले होते, आणि तू एका हाताने माझ्यापुढे बादली धरून मला इतिहास शिकवत होतास! पूर्वी सैन्य किनाऱ्यावर उतरायचं म्हणजे होडीतून उडी मारायची आणि छातीभर पाण्यातून चालत जायचं. मग रणगाडे आले. आता रणगाड्याला कोण सांगणार, बाबा रे, मार उडी? दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यासाठी मोठी जहाजं बांधली, ती संथ आणि अवजड. छोट्या होड्या बांधल्या, त्यांना भर समुद्र झेपेना. तेव्हा कुणाला तरी मधल्या मापाचं जहाज सुचलं. ताफ्याबरोबर महासागर ओलांडेल इतकं दमदार आणि वाळूवर नाक टेकवेल इतकं उथळ. पोटात चार-पाच रणगाडे, नाकाशी दोन झापांचं दार, दारातून खाली सोडायचा उतार. आणि मग तुझं ते ठरलेलं वाक्य: कौतुक थोरल्याचं, लाड धाकट्याचे आणि कामं सगळी मधलीच्या गळ्यात. मी घरातली मधली, म्हणून.

तेव्हा बादलीत तोंड घालूनही मी हसले होते. या खेपेला मात्र तीच गोष्ट आठवून अंगावर काटा आला. बघता बघता शेकड्यांनी बांधली ती जहाजं, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातसुद्धा. चालवायला कितीतरी अशी पोरं, ज्यांनी आदल्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. खलाशाला जन्मभर एकच धाक असतो, जहाज जमिनीला लागू नये. या पोरांना सांगितलं की समोरून गोळ्या येत असताना जहाज मुद्दाम जमिनीला लावा, दार उघडा आणि पोट रिकामं होईपर्यंत तिथेच थांबा. आणि परत कसं यायचं? तर किनारा यायच्या आधीच मागून एक नांगर समुद्रात सोडायचा, त्याची पोलादी तार सैल देत देत पुढे जायचं आणि काम झालं की तीच तार गुंडाळत स्वतःला ओढून घ्यायचं. पुढे जाण्याआधी परतीची सोय करणारं ते डोकं कुणाचं असेल, याचं मला आजही नवल वाटतं. युद्ध संपलं तशी त्यांतली बरीच मोडीत निघाली, काहींनी माणसं नेली, काहींनी वाळू वाहिली. आपली चप्पल त्यांच्या नातवंडांतली. तिने रणगाडा कधी पाहिलासुद्धा नाही. जिथे धक्का नाही अशा किनाऱ्यांवर तिने सिमेंट उतरवलं, गाई उतरवल्या, दवाखान्याचं एक्स-रे यंत्र उतरवलं आणि तुझ्या हट्टापायी एकदा शाळेचा पियानो.

तोडायचा किनारा तू पाहिला नाहीस ते बरं झालं. नाही, चुकले. तू तो पाहायला हवास. आपल्या दसपट मोठी जहाजं तिथे वाळूवर ओळीने उभी आहेत. कुणाचं पुढचं अर्धं उरलंय, कुणाच्या खोल्या उघड्या पडल्यात, भिंतीवरचे आरसे खालून दिसतात. पायथ्याशी गॅसकटर घेतलेली माणसं मुंगीएवढी. मी सुकाणूपाशी तोंडात बोटं घालून उभी राहिले. यार्डाच्या मालकांनी आधीच बजावलं होतं, उधाणाची भरती आहे, नांगर-बिंगर काही नाही, पूर्ण वेगाने या आणि जितकं वर चढवता येईल तितकं चढवा. मी देवाचं नाव घेतलं आणि इंजिनं पूर्ण सोडली.

पण दादा, मागे आपला जुना खलाशी ‘घोरपड’ होता. नांगराच्या यंत्रावर तीच चिवट मूर्ती, आता केस पांढरे झालेत एवढंच. तूच त्याला शिस्त लावून ठेवलेली: मागच्या नांगराने हुकुमाची वाट बघायची नाही, पाण्याचा रंग बदलला की सोडायचा. पाण्याचा रंग बदलला आणि त्याने सोडला! आणि खोटं कशाला बोलू, तारेची थरथर पायांना लागली तसा माझाही हात आपसूक इंजिनं मंद करून मोकळा झाला. चप्पल आली ती रोजच्या कामाला आल्यासारखी, वाळूला नुसतं नाक लावून थांबली. मालक चिखलातून धावत आले. म्हणाले, कप्तानबाई, जहाज आणलंत की पाहुणी आणलीत, ही तर उंबऱ्यावरच उभी! एवढ्या पाण्यात माझी माणसं हिला कापणार कशी? मागे घ्या आणि पुन्हा जोरात आणा.

मग आम्ही तिला मागे घेतली. नाक हलकं व्हावं म्हणून पुढच्या टाक्यांतलं पाणी उपसलं, घोरपडीने तार ओढायला घेतली. आधी काहीच हलेना. मग खालून वाळू कुरकुरली आणि ती निघाली. किनाऱ्यावर एकेक कटर बंद होत गेला. माणसांनी डोळ्यांवरचे काळे चष्मे कपाळावर चढवले आणि ती बघत राहिली. आलेलं जहाज परत जाताना त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं आपण हे रोज करत होतो आणि आपल्याला ते साधं वाटायचं! खोल पाण्यात आलो तोवर ओहोटी लागली होती. मालक फोनवर एवढंच म्हणाले, आता राहू द्या, पुढच्या उधाणाला आणा.

तर पुढचं उधाण पौर्णिमेचं आहे. तोवर ती बाहेर नांगरावर उभी आहे, सगळी शाबूत, दिवे लावले की अगदी पूर्वीसारखी दिसते. माझी चूक म्हण, घोरपडीची म्हण, नाहीतर तुझ्या शिस्तीची म्हण, पण तिला थोडे दिवस मिळालेत. ते मी तुझ्यासाठी राखून ठेवले आहेत. मालकांना सांगितलं, पुढच्या वेळी सुकाणूवर आमचा दादा असेल. वहिनीने तुझी बॅग भरलीसुद्धा आहे, पलंगाखाली बघ. राग सोडून ये असं मी म्हणणार नाही, हवा तर बरोबर घेऊन ये, माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस. पण तिला वर चढवायला ये, दादा. मला एकटीला हे दुसऱ्यांदा जमणार नाही.

तुझीच,
मधली