मसलमधला उंदीर

कोथरूड,
१२ जून १९९८

ती. बद्रीकाकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन आपटता, म्हणून हे पत्र.

तुम्ही छापलेलं बाबांचं मुलांसाठीचं पुस्तक मिळालं. इंग्रजी शब्द कुठून आले ते शोधण्यात तुमच्या थोरल्या भावाची कितीतरी वर्षं गेली. मुखपृष्ठावर स्वतःचं नाव वाचून ते आजारपणातही उठून बसले. मग त्यांनी ‘मसल’चं पान उघडलं.

त्यांनी लिहिलं होतं, हा शब्द लॅटिनमधल्या ‘छोटा उंदीर’ या शब्दावरून आला. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं, म्हणून. तुम्ही छापलंत, ‘संस्कृत मांसलवरून’! कुणाला विचारून? बाबा कालपासून जेवलेले नाहीत. सगळ्या प्रती दुकानांतून परत मागवा.

लोभ असावा, म्हणजे तुमच्याकडे उरला असेल तर.
पूर्णिमा

बुधवार पेठ,
१६ जून १९९८

चि. पूर्णिमास,
अनेक आशीर्वाद.

अहाहा! सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलीस म्हणून काकाला शिकवतेस? छापखाना माझा, कागद माझा. मुलांच्या पुस्तकात मांसात उंदीर? शी! मसल आणि मांसल, आंधळ्यालाही दिसेल. इंग्रजांचा एक शब्द आपल्या घरात आला, तर तुझ्या बापाचं काय गेलं?

अगं, त्याच पानावर खूश होऊन एका मंडळाने दादाचा जाहीर सत्कार ठरवलाय. त्याला वेळेवर हॉलवर आण आणि स्टेजवर गप्प बसायला सांग. बाकी मी बघतो.

आशीर्वाद आहेतच. वागणूक बघून वाढवू.
काका

कोथरूड,
२० जून १९९८

चि. बद्रीनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

लिहायला बसवत नाही, पूर्णिमा लिहून घेते आहे.

आपला ‘मूषक’ आणि लॅटिनमधला उंदीर ‘मूस’ हे एकाच घराण्यातले. संस्कृतचा अभिमानच मिरवायचा होता ना? तो त्या उंदरातच होता, गाढवा. तूच त्याला मारलंस.

सत्काराला मी येणार नाही. जन्मभर वर्गात सांगत आलो की माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. आता कुणी पोरगी ते पान वाचेल आणि सरांनी लिहिलंय म्हणून खरं धरेल. फार संताप होतो रे.

मरण्याआधी एकदा पुस्तकावर आपलं नाव बघावं, एवढीच हौस होती. बघितलं. आता उरलेल्या प्रतींवरून ते काढून टाक. जागा मोकळी वाटली तर तुझं घाल.

तुझ्या सौ. मुक्ताईस आशीर्वाद. तुझ्या वाटचे वर दिले ते शेवटचे.
दादा