एंगेजची बादली

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे. ती का धरली ते पुढे येईलच.)

"लाइन आपोआप मरत नसते, कुठल्यातरी टोकाला कुणीतरी रिसीव्हर नीट ठेवलेला नसतो." हे वाक्य तू मला मी फ्रॉक घालायच्या वयाची असताना ऐकवलं होतंस. आमचा फोन बंद पडला होता. तू टेलिफोन खात्याची पिशवी खांद्याला लावून आलास, पण खांबावर चढायच्या आधी सरळ आतल्या खोलीत गेलास आणि पडद्याआड कलंडलेला रिसीव्हर उचलून जागेवर ठेवलास. फोन लगेच जिवंत झाला. खांबावर चढायला मिळालं नाही म्हणून तू जरासा हिरमुसलाही होतास. ते वाक्य गेले काही दिवस माझ्या डोक्यात घंटीसारखं वाजतं आहे. का, तेही पुढे येईल.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? (उत्तराची घाई नाही. तू 'ठीक' एवढंच लिहिणार, हे मला माहीत आहे.) इकडे सगळे बरे आहेत. आमचे हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना दूरचं आणि जवळचं दाखवतात आणि घरी आल्यावर हातातली किल्ली घरभर शोधतात. मी छापखान्यात प्रुफं तपासते. सध्या पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका हातात आहे. तिच्यात 'झडप' या शब्दाची सगळीकडे 'झोप' झाली आहे, आणि 'पंप सुरू करण्यापूर्वी झोप पूर्ण उघडावी' यासारखी वाक्यं वाचून माझे दिवस बरे जातात. राहिली आई. हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

तुला आठवत असेल, माझ्या मुलीने आईला टॅब दिला तेव्हा त्यात तो शेताचा गेम घालून दिला आणि सुट्टीत तुझ्याकडे आली तेव्हा तुझ्याही टॅबमध्ये घातला. आईचं शेत, आणि कुंपणाला लागून तुझं. नाव काय लिहू, असं तिने विचारल्यावर तू 'एंगेज' सांगितलंस. (मामी गेल्यावर विचारपूस करणारे फोन तुला सोसेनात, म्हणून तू रिसीव्हर काढून शेजारी ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन कधीही लावा, एंगेज. स्वतःवर इतका चांगला विनोद तू आधी कधी केला नव्हतास, आणि त्यावर हसू की नको हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) आईने आपलं नाव 'अक्का' एवढंच लिहिलं. तिच्या मते त्यापुढे ओळख लागत नाही.

त्या गेममध्ये रोज सकाळी ज्याने त्याने आपल्या विहिरीचं पाणी काढायचं असतं. काढलं की काठावर भरलेली बादली दिसते, आणि ती शेजाऱ्यालाही दिसते. आईला त्यातल्या कोंबड्यांशी, कणसांशी, बक्षिसांशी काही देणंघेणं नाही. तिची कणसं उभ्याउभ्या वाळतात. ती सकाळी टॅब उघडते, कुंपणापलीकडे बघते, 'एंगेजची बादली आली' असं भिंतीला सांगते आणि मग चहाचा पहिला घोट घेते. बादली आली म्हणजे भाऊ उठला, गुडघ्याने त्याला टॅबपर्यंत येऊ दिलं, चष्मा सापडला, बोट चाललं. एवढी सविस्तर बातमी तू पोस्टकार्डावरसुद्धा कधी दिली नाहीस.

आता झालं असं, की त्या गेमच्या कंपनीला उपरती झाली. लोक खोट्या शेतात खरे पैसे ओततात म्हणून कुणीतरी बोंब मारली असावी. नव्या आवृत्तीत काही विकत घ्यायला गेलं की गेमच तुमचा हात धरतो. (दुकानदाराने गिऱ्हाइकाला समजावून घरी पाठवायचं, ही कल्पना यांना ऐकवली तेव्हा ते खाली बसले आणि पाणी मागितलं.) हेतू चांगलाच आहे. पण त्या हेतूचं मराठी ज्याने केलं, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. लाल पेन घेऊन.

तुझ्या शेतातल्या गोठ्यात अंधार असतो, हे आईला फार दिवस खुपत होतं. (तिच्या स्वतःच्या गोठ्याला छप्पर नाही, ते चालतं.) तिने तुझ्यासाठी कंदील घ्यायचं ठरवलं आणि बटण दाबलं. तर तुझ्या कुंपणाच्या बाजूने एक पाटी वर आली, 'एवढा खर्च कशाला? आहे त्यात भागवा.'

मामा, आता तूच सांग. एका शेगडीवर जळालेली काडी दुसऱ्या शेगडीसाठी जपून ठेवणारा माणूस आपल्या घराण्यात एकच. आईने विणलेला स्वेटर हातात घेऊन आधी लोकरीचा भाव विचारणाराही तोच. हे वाक्य आईने जन्मभर तुझ्या तोंडून ऐकलं आहे, अगदी याच शब्दांत, याच क्रमाने. आपला भाऊ पाटी लिहायला शिकला, यापलीकडे तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तिने नेहमीप्रमाणे तुझं ऐकलं नाही आणि पुन्हा बटण दाबलं. 'पुन्हा एकदा विचार करा,' अशी पाटी आली. विचार करूनच घेते आहे, असं तिने टॅबला बजावलं आणि अंगठ्याने जोर लावून दाबलं. तेवढ्यात चक्र फिरायला लागलं, शेत करडं पडलं आणि मधोमध अक्षरं आली, 'आपले संबंध तुटले आहेत.'

संपर्क, मामा. त्यांना 'संपर्क तुटला आहे' असं म्हणायचं होतं. नवी आवृत्ती अजून अर्धवट शिजलेली होती, बटण दाबून हट्ट केला की गेम बंद पडत होता, एवढंच त्यातलं खरं. पण आईने टॅब पालथा घातला, चष्मा काढला आणि अगदी हळू म्हणाली, "एका कंदिलापायी?"

मी समजावलं. शब्दाची चूक दाखवली, व्याकरण सांगितलं. तू लहानपणापासून मामाचीच बाजू घेतेस, असं मला ऐकावं लागलं. टॅब तसाच टेबलावर राहिला. संध्याकाळी हे दुकानातून आले, त्यांनी तो सुलटा केला, वाचलं आणि स्वयंपाकघरात येऊन माझं काही चुकलं का असं मला विचारू लागले. (मी लगेच नाही म्हटलं नाही. त्यांनी आपणहून तीन-चार गोष्टी कबूल केल्या. त्या मला ठाऊक नव्हत्या. या गेमचा मला झालेला फायदा तेवढाच.)

तेव्हा मी पदर खोचला. लाइनमनची भाची आहे मी. इंटरनेटचा डबा आईच्या खोलीजवळ असला तर बरं, म्हणून स्टुलावर चढून तो कपाटाच्या माथ्यावर नेला. चढताना काही झालं नाही, उतरताना कंबर वरच राहिली. मग इंटरनेटवाल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने डबा पुन्हा खाली आणला, लाइन ठणठणीत आहे म्हणाला आणि आजींना गेमचं एवढं वेड बरं नव्हे, असा सल्ला दिला. आजींनी त्याला चहा विचारला नाही. मग मी कंपनीला सविस्तर कळवलं, की संपर्क यंत्राचा तुटतो आणि संबंध माणसांचे, आणि तुमच्या या चुकीने एका घरातले सख्खे बहीणभाऊ अबोला धरण्याच्या बेतात आहेत. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी माझे आभार मानले आणि यापुढेही असेच संबंध ठेवण्याची विनंती केली. मी आणखी एक पत्र पाठवलं. मी हार मानणार नाही, हे त्यांच्या लक्षात यायला लागलं असावं.

पण खरं सांगू? कंबर, मेकॅनिक, कंपनी, हे सगळं सोपं होतं. अवघड होती ती सकाळ. आई टॅबकडे बघतही नाही असं दाखवायची, आणि मी आत गेले की तो सुलटा करायची. दारातून मला तिची पाठ दिसायची. करड्या शेतावर चक्र फिरतं आहे, चहावर साय धरली आहे. अपमान केव्हाच मागे पडला होता. एकदा तिने त्या चक्रालाच विचारलं, "उठला असेल ना?"

तुझ्याकडेही तीच पाटी आली असेल, तर ती अक्काने लिहिलेली नाही, एवढं ध्यानात घे. अक्काला तीन-चार शब्दांत काही सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तुझी,
भाची (लाल पेनवाली)

ता. क. पत्र पाकिटात घालते आहे तोच गेम सुरू झाला. शेत हिरवं, बादली काठावर, आई चहा पिते आहे. म्हणजे वरचं सगळं वाया गेलं. तुझ्या गोठ्यात आता कंदीलही आहे. गेमने पुन्हा एवढा खर्च कशाला विचारलं, तर आई म्हणाली, "तू गप्प बस," आणि घेतला. तुझ्यावरचा राग गेला, आता नुसता धाक आहे.

ता. क. २. तरीही पत्र टाकते आहे, कारण नव्या आवृत्तीची माहिती मी शेवटपर्यंत वाचली. (प्रुफं तपासणाऱ्या बाईशिवाय ती कुणी वाचली असेलसं वाटत नाही.) तिथे अगदी तळाला लिहिलं आहे, की खेळणाऱ्यांनी रोज रोज येऊन वेळ आणि पैसा घालवू नये, म्हणून यापुढे मालक आला नाही तरी विहिरीचं पाणी आपोआप काढलं जाईल. कळलं ना, मामा? बादली आता तू उठलास तरी येणार आणि नाही उठलास तरी येणार. आईला मी हे सांगितलेलं नाही. ती मघाशीच भिंतीला म्हणाली, एंगेजची बादली आली.

ता. क. ३. तेव्हा तो रिसीव्हर जागेवर ठेव. बोलू नकोस हवं तर, सकाळी घंटी वाजली की उचलून नुसता खाकर. तू म्हणशील, बादली दिसते ना, मग फोनला एवढा खर्च कशाला. म्हण. पण ठेव.