सरांकरिता

४ जुलै, शुक्रवार

अकरा वर्षं सहायक प्राध्यापक म्हणून सडतोय, आणि आता हे नवीन! बढतीच्या मुलाखतीला बसायचं तर आपल्या विषयाबाहेरचा एक ऑनलाइन कोर्स पूर्ण करा म्हणे. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये अर्धा तास खाल्ला – "ज्ञानाची गंगा फुकट आलीय दारात!" खगोल, संख्याशास्त्र, संगीत, मानसशास्त्र... यादी अशी वाचत होते की जणू पंगतीत जिलबी वाढतायत. फुकट ते पौष्टिक! मी इतिहासाचा माणूस. जळकोटच्या या कॉलेजात पोरं फक्त परीक्षेपुरती उगवतात, आणि आम्ही इथे खगोल शिकायचा.

शेवटी मृदाशास्त्र घेतलं. शेतकऱ्याचा पोरगा आहे, मला कोण माती शिकवणार?

७ जुलै, सोमवार

पंधरा मिनिटांत झोप आली. झोपूही देत नाहीत – दर दहा मिनिटांनी पडद्यावर चौकट येते: आपण उपस्थित आहात का? बटण दाबलं नाही की व्हिडिओ बंद! इंग्रजीच्या रविकिरणने युक्ती सांगितली. "सर, सगळेच शिपाई बसवायलेत. तुम्ही चहाला चला की." त्याचं मानसशास्त्र म्हणे लिंबाजी शिपाई बघतोय!

मी पंचशीलाला बसवलं. नवरा वारल्यावर अनुकंपा तत्त्वावर लागलेली, दहावी नापास. बटण दाबायला तेवढं शिक्षण पुरे.

९ जुलै, बुधवार

माझं रजिस्टर टपाल आलं, तर हिनं सरळ माझ्या नावानं सही ठोकली! सगळ्या ऑफिससमोर झापलं. "दुसऱ्यासाठी सही करताना 'करिता' लिहायचं. खाली आपलं नाव, हुद्दा. उद्या माझ्या नावावर काय काय घेशील!" – "हाव सर." मान हलवायला काय जातंय.

१८ जुलै, शुक्रवार

पंचशीला म्हणते, "सर, आपली काळी माती नदीनं आनली न्हाई म्हनं. हितल्याच काळ्या दगडाची झाली, झिजून झिजून."

दगड! म्हटलं, मग मांजरा आणि गोदावरी काय उगाच वाहतात? माझ्या बापानं पन्नास वर्षं ती माती कसली. जा, पाणी आण.

मुंगीला मुताचा पूर म्हणतात तो हा.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिली चाचणी. दहापैकी तीन! प्रश्नच फालतू. दुसरी संधी होती, ती पंचशीलाला द्यायला लावली – दहापैकी दहा. बटणं दाबायचा सराव झालाय, दुसरं काय. आता चाचण्याही तिच्याकडेच.

प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका बोटानं काहीतरी बडवत असते. शेजारी वही, तीही जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांची शिवलेली. विचारलं तर, "शंका टाकायलेय सर. तिथं मास्तर उत्तर देतेत." शंका! हिला!

आल्या-गेल्या "सर, आज काय झालं सांगू का?" असं तिचं पालुपद. सांगू नकोस. तुला बसवलंय ते मला ऐकावं लागू नये म्हणूनच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

प्राचार्य स्टाफसमोर – "दयानंद सरांचा आदर्श घ्या! मृदाशास्त्र संपवून आता खगोल आणि संख्याशास्त्र!" टाळ्या. मला पत्ताच नाही. माझ्या खात्यावर पंचशीलाने परस्पर लावलेत! "म्हनलं सर, फुकटच हाय." तिला सोलून काढणार होतो. पण टाळ्या झाल्या होत्या.

रविकिरणचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याच्या लिंबाजीने एकच विषय केलाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

उद्या नांदेडला मुलाखत. या खेपेला हुकली तर तीन वर्षं काही नाही, आणि तोवर हा रविकिरण माझ्या डोक्यावर येऊन बसेल. बायकोने, उज्ज्वलाने, माहेरी सगळ्यांना सांगूनही टाकलंय. भीती वाटते. खोटं कशाला लिहू.

निघताना पंचशीला वही घेऊन दारात. "सर, दहाच मिन्टं. भेगंचं सांगते. ते इचारतेल बगा."

"कसली भेग?"

"भितीची. आमच्या घराच्या."

हिच्या घराची भिंत, आणि समिती मला विचारणार! एसटी चुकवशील म्हटलं, आणि निघालो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नांदेडहून परतलो. जेवलो नाही.

समितीत एक मॅडम होत्या, मृदाशास्त्राच्याच. हातात छापील कागद. "कोर्सच्या चर्चेत तुमच्या खात्यावरून एक्केचाळीस प्रश्न आलेत. इतकं नेमकं विचारणारं मी कुणी पाहिलं नाही." मी म्हणालो – मूर्ख मी! – "जिज्ञासा, मॅडम."

"घराच्या भिंतीला उन्हाळ्यात भेग पडते आणि पावसाळ्यात आपोआप मिटते, असं लिहिलंय. का मिटते?"

"पाणी... शिरतं. चिखल होऊन बुजते."

"आणि काळी माती आली कुठून?"

"नदीनं आणली."

मग मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला. "खाली हे कुणी लिहिलंय?"

'दयानंद सरांकरिता, पंचशीला सोनकांबळे, शिपाई.'

प्रत्येक प्रश्नाखाली म्हणे! एक्केचाळीस वेळा! साऱ्या देशासमोर! मॅडम एवढंच म्हणाल्या, "सगळे प्रश्न एकदा स्वतः वाचा." बढती गेली. शिपायाने माझं नाक कापलं. जन्मभर टपाल वाटायच्या लायकीची बाई! उद्या मेमो, आणि असा मेमो की नोकरीवर येईल.

१३ सप्टेंबर, शनिवार

मेमोला पुरावा म्हणून सगळे प्रश्न छापायला बसलो. एकेक वाचत गेलो. प्रत्येकात सहीच्या वर तीच ओळ – 'सोपं करून सांगा. सरांची मुलाखत हाय, त्यांना येळ न्हाई, मला त्यांना सांगायचंय.'

पंचशीलाबाई पाणी घेऊन आल्या. मी थांबा म्हटलं नव्हतं, तरी त्याच थांबल्या.

"सर, त्या भेगंचं इचारलं का वो?"